डॉ. भालचंद्र दीक्षित : मेंदूच्या रसायनापासून ‘एम्स’पर्यंत

आपल्या इंदूरच्या मराठी घरांत आता ऐंशी ओलांडलेली माणसे बरीच आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. पण त्याबरोबर एक काळजीही घरोघरी आली आहे. आजोबा सराफ्यातून घरी यायची रोजची वाट चुकतात. आजी सकाळची गोळी घेतली की नाही हे चार वेळा विचारतात. सुनेला मुलीच्या नावाने हाक मारतात आणि मग स्वतःच ओशाळतात. पूर्वी आपण याला म्हातारचळ म्हणून सोडून देत असू. आता डॉक्टरांकडे जातो, तपासण्या होतात, ‘अल्झायमर’ हा शब्द कानावर पडतो आणि हातात एक चिठ्ठी येते. त्या चिठ्ठीवर बहुधा डोनेपेझिल किंवा रिवास्टिग्मिन यांपैकी एखादे नाव असते.

या गोळ्या काय करतात, असे विचारले तर डॉक्टर सोप्या भाषेत सांगतात. मेंदूत ॲसिटिलकोलीन नावाचे एक रसायन असते. एका पेशीचा निरोप दुसऱ्या पेशीला पोचवण्याचे काम ते करते. स्मरण आणि लक्ष यांसाठी ते लागते. या आजारात ते कमी पडते. गोळीमुळे, जे काही उरले आहे ते लवकर नष्ट होत नाही.

हे रसायन मेंदूत आहे आणि तेथे त्याचा काही परिणाम होतो, हे प्रयोगाने दाखवणाऱ्या जगातल्या अगदी पहिल्या काही शास्त्रज्ञांत एक मराठी माणूस होता, हे आमच्यापैकी बहुतेकांना माहीत नव्हते. त्यांचे नाव डॉ. भालचंद्र बाबाजी दीक्षित. ते दिल्लीच्या ‘एम्स’चे पहिले संचालक होते, एवढे काही जणांनी ऐकलेले असते. त्या पदाच्या आधीचे त्यांचे काम मात्र मागे पडले. थोरामोठ्यांच्या परिचयात यावेळी आम्ही त्यांची निवड केली ती म्हणूनच.

कलकत्त्याची उमेदवारी

डॉ. दीक्षितांचा जन्म १९०२ चा. वैद्यकाचे शिक्षण घेतल्यावर त्या काळच्या डॉक्टरपुढे दोन सरळ वाटा असत : सरकारी नोकरी किंवा दवाखाना. संशोधन ही वाट फार थोड्यांची होती, कारण तिच्यात पैसा नव्हता आणि सोयही नव्हती. दीक्षित या तिसऱ्या वाटेला लागले आणि कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये आले.

तेथे कर्नल रामनाथ चोप्रा यांचे मोठे काम चालू होते. वैद्य आणि हकीम पिढ्यान्‌पिढ्या वापरत आलेल्या वनस्पतींत नेमके काय आहे, त्याचा शरीरावर काय परिणाम होतो, हे प्रयोगशाळेत मोजून पाहायचे, असा चोप्रांचा ध्यास होता. भारतातल्या औषधशास्त्राचा पाया त्यांनी घातला असे मानले जाते. दीक्षितांनी त्यांच्याबरोबर दारुहळदीतल्या बर्बेरिन या द्रव्याचा अभ्यास केला, आणि तो १९३२ मध्ये प्रसिद्ध झाला. दारुहळद आपल्या आजीबाईंच्या बटव्यातली वस्तू. तिच्यातले द्रव्य रक्तदाबावर, हृदयावर, आतड्यांवर काय करते हे त्यात तपासले होते.

या उमेदवारीत दीक्षितांना एक शिस्त मिळाली. एखादे द्रव्य शरीरात गेल्यावर काय घडते ते अंदाजाने सांगायचे नाही. द्रव्य किती दिले, परिणाम किती झाला, किती वेळ टिकला, हे सगळे नोंदवायचे. ही शिस्त घेऊन ते स्कॉटलंडमधल्या एडिंबरोला गेले.

ठिणगी की रसायन?

त्या वेळी मेंदूच्या अभ्यासकांत एक मोठा वाद चालू होता. मज्जातंतूंमधून विजेचा सूक्ष्म प्रवाह जातो, हे सर्वांना मान्य होते. प्रश्न होता तो तंतूच्या टोकाशी काय घडते याचा. एक तंतू संपतो आणि त्याच्यापुढे स्नायू, ग्रंथी किंवा दुसरी पेशी असते. मधली फट निरोप कसा ओलांडतो? काही म्हणत, विजेची ठिणगीच पलीकडे उडी मारते. काही म्हणत, तंतूच्या टोकातून एखादे रसायन सुटते आणि ते निरोप पोचवते.

रसायनाच्या बाजूचा मोठा पुरावा १९२१ मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्राझ येथे ऑटो लोवी यांनी दिला होता. त्यांनी बेडकाच्या हृदयाकडे जाणारी नस उत्तेजित केली, तेव्हा हृदयाचे ठोके मंदावले. त्या हृदयाभोवतीचा द्रव त्यांनी दुसऱ्या बेडकाच्या हृदयावर घातला, तर त्याचेही ठोके मंदावले. म्हणजे द्रवात काहीतरी उतरले होते. ते ॲसिटिलकोलीन होते, हे पुढे ठरले. इंग्लंडमध्ये हेन्री डेल यांनी याच रसायनाचा वर्षानुवर्षे अभ्यास केला होता, आणि १९२९ मध्ये ते प्राण्यांच्या शरीरात नैसर्गिकरीत्या सापडते हेही दाखवले होते. लोवी आणि डेल या दोघांना १९३६ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

पण हा सगळा पुरावा हृदय, ग्रंथी आणि स्नायू यांचा होता. मेंदूचे काय? तेथेही निरोप रसायनाने जातो का? यावर पुष्कळ मोठी माणसे नकारार्थी मान हलवत. मेंदूचे काम क्षणाच्या हजाराव्या भागात चालते, रसायनाला एवढी घाई कशी जमणार, असा त्यांचा आक्षेप होता. या प्रश्नाला हात घालणारे लोक बोटांवर मोजण्याइतके होते, आणि त्यांत दीक्षित होते.

एडिंबरोतले दिवस

एडिंबरो विद्यापीठात औषधशास्त्राचा विभाग ए. जे. क्लार्क यांच्याकडे होता. औषध पेशीवर नेमके कसे काम करते याचा गणिती हिशेब मांडणारे म्हणून क्लार्क प्रसिद्ध होते. त्या विषयावरचा त्यांचा ग्रंथ १९३३ चा आहे. म्हणजे दीक्षित तेथे काम करत होते ते दिवस त्या विभागाच्या भराचे होते.

या शहराचा आणखी एक योगायोग आहे. आफ्रिकेतल्या कालाबार भागात एक विषारी बी मिळते. गुन्हेगाराची परीक्षा घेण्यासाठी ती तेथे खायला देत. एडिंबरोचे प्राध्यापक रॉबर्ट क्रिस्टिसन यांनी १८५५ मध्ये ती बी स्वतः खाऊन पाहिली आणि कसेबसे बचावले. तिच्यातून पुढे एसेरिन नावाचे द्रव्य मिळाले. ॲसिटिलकोलीनची एक मोठी अडचण अशी की, शरीरात ते क्षणार्धात मोडून जाते, हाती लागतच नाही. एसेरिन हे मोडणे थांबवते. म्हणून ॲसिटिलकोलीन शोधणाऱ्यांना एसेरिन फार उपयोगी पडले. हे द्रव्य वाचकांनी लक्षात ठेवावे, पुढे त्याचा पुन्हा संबंध येणार आहे.

दीक्षितांचे प्रयोग मांजरांवर होते. मेंदूच्या आत द्रवाने भरलेल्या पोकळ्या असतात. रक्तातून दिलेले औषध मेंदूत पोचेलच याची खात्री नसते, कारण मेंदूचे स्वतःचे एक कुंपण असते. म्हणून दीक्षितांनी ॲसिटिलकोलीन अत्यल्प मात्रेत थेट या पोकळीत सोडले आणि श्वासावर, हृदयावर व प्राण्याच्या वागण्यावर काय परिणाम होतो ते पाहिले. त्याबरोबर त्यांनी मेंदूच्या ऊतींचा अर्क काढून त्यात हे रसायन सापडते का, याचाही शोध घेतला. हे दोन्ही निष्कर्ष एकत्र मांडणारा त्यांचा निबंध १९३४ मध्ये ‘जर्नल ऑफ फिजिऑलॉजी’ या लंडनच्या मान्यवर नियतकालिकात आला. मेंदूवर ॲसिटिलकोलीनची क्रिया आणि मेंदूत त्याचे अस्तित्व, असा त्याचा विषय होता.

याचे महत्त्व थोडे उलगडून सांगायला हवे. एखादे रसायन बाहेरून टोचले आणि काही परिणाम दिसला, तर त्याने फार सिद्ध होत नाही. बाहेरच्या शेकडो द्रव्यांनी परिणाम होतो. ते रसायन त्या जागी मुळातच असते, हे दाखवले तर मात्र गोष्ट बदलते. मग असे म्हणता येते की, शरीर स्वतःच त्याचा वापर करत असावे. दीक्षितांनी दोन्ही बाजू तपासल्या. कलकत्त्याची शिस्त येथे कामी आली असे आम्हाला वाटते.

त्याच वर्षी त्यांनी आणखी एक निरीक्षण मांडले. पोकळीत ॲसिटिलकोलीन सोडल्यावर मांजरांना झोपेसारखी अवस्था येत होती. झोप म्हणजे मेंदूचे नुसते थकून बंद पडणे, असा समज तेव्हा सर्रास होता. एका ठरावीक रसायनाने, मेंदूच्या ठरावीक भागातून झोप आणता येते, ही कल्पना त्यामानाने नवी होती. जाग, झोप, लक्ष, स्मरण या मनाच्या अवस्थांमागे रसायन आहे, या विचाराच्या सुरुवातीच्या पावलांत हे एक पाऊल मोजावे लागते.

तिसरे काम हृदयाचे होते. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा लहानसा भाग असतो. भूक, तहान, ताप, भीती यांचा कारभार तेथून चालतो. तो भाग उत्तेजित झाला की हृदयाची लय बिघडू शकते, असे दीक्षितांनी दाखवले. भीतीने किंवा दुःखाने छातीत धडधडते, हे आपण सगळे अनुभवाने जाणतो. त्या अनुभवामागची शरीरातली वाट त्यांनी शोधली.

तीन विषय, वर्ष एकच १९३४, आणि वय बत्तीस. एडिंबरोची पीएच. डी. घेऊन ते परत आले.

परळची प्रयोगशाळा आणि प्लेग

मुंबईला परळच्या हाफकिन संस्थेत त्यांनी औषधशास्त्राचे काम सुरू केले. ॲसिटिलकोलीनचा नाद सुटला नव्हता. शरीरातल्या ऊती हे रसायन कसे तयार करतात, याविषयीचा त्यांचा निबंध १९३८ मध्ये प्रसिद्ध झाला. परदेशात सुरू केलेला विषय भारतात येऊन, येथल्या साधनांवर पुढे नेणे सोपे नव्हते. पुष्कळांचे संशोधन बोटीतून उतरतानाच संपत असे. त्यांचे तसे झाले नाही.

पण हाफकिन ही संस्था प्लेगच्या लढाईतून जन्मलेली. तेथे काम करणाऱ्याला मेंदूतच रमून राहणे परवडणारे नव्हते. प्लेगची लस होती, तरी एकदा रोग झाला की खात्रीचे औषध नव्हते. १९३० नंतरच्या दशकात सल्फा जातीची नवी औषधे आली. संस्थेचे प्रमुख साहिबसिंग सोखी यांच्यासह दीक्षितांनी प्लेगवर सल्फाथायाझोलची परीक्षा केली आणि १९४० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये तिचे निष्कर्ष दिले. प्लेगच्या साथींनी आपल्या माळव्यातही घरेच्या घरे ओस पाडली होती. गावाबाहेर झोपड्या बांधून राहिल्याच्या आठवणी जुन्या पिढीने आपल्याला सांगितल्या आहेत. त्या रोगावर चालेल असे औषध हाताशी येणे म्हणजे काय, हे निराळे सांगायला नको.

मेंदूच्या संशोधनाच्या दृष्टीने पाहिले तर मात्र येथून त्यांची वाट वळू लागली.

खुर्ची बदलली

१९४६ मध्ये भोर समितीचा अहवाल आला. देशातले आरोग्य आणि वैद्यकीय शिक्षण कसे असावे, याचा तो आराखडा होता. तोवर डॉक्टर दोन प्रकारचे असत. कॉलेजातून पदवी घेणारे थोडे आणि मेडिकल स्कूलमधून परवाना घेणारे पुष्कळ. ही दुसरी पद्धत बंद करून सर्वत्र पूर्ण पदवीचे शिक्षण द्यावे, असे समितीने सांगितले. पुण्याचे बी. जे. मेडिकल स्कूल १९४६ मध्येच कॉलेज झाले. आपल्या इंदुरातही हाच बदल झाला. १८७८ पासून येथे मेडिकल स्कूल होते. किंग एडवर्ड मेडिकल स्कूल या नावाने जुने लोक ते ओळखत. १९४८ मध्ये महात्मा गांधी मेमोरियल मेडिकल कॉलेज उभे राहिले, आणि एमवाय हॉस्पिटल त्याला जोडले गेले. एलएमपी झालेले जुने डॉक्टर आणि एमबीबीएस झालेले नवे, हा फरक आपल्यापैकी काहींनी एकाच घरात पाहिला आहे.

पुण्याच्या त्या नव्या कॉलेजात डॉ. दीक्षित शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक आणि प्राचार्य झाले. शाळेचे कॉलेज करणे म्हणजे फलक बदलणे नव्हे. शिक्षक मिळवायचे, प्रयोगशाळा सजवायच्या, ग्रंथालय उभे करायचे आणि विद्यापीठाचे समाधान करायचे. त्यानंतर ते मुंबई राज्याचे सर्जन जनरल झाले. राज्यभरातली सरकारी इस्पितळे त्या पदाखाली येत. बत्तिसाव्या वर्षी मांजराच्या मेंदूत सुई नेमकी कोठे जावी याचा विचार करणारा माणूस आता इस्पितळांचा आणि नेमणुकांचा विचार करत होता.

‘एम्स’चे पहिले संचालक

भोर समितीची आणखी एक सूचना होती. देशात एक अशी संस्था असावी, जिच्यात उत्तम डॉक्टर आणि उत्तम शिक्षक तयार होतील, आणि उच्च शिक्षणासाठी दर वेळी विलायतेला जावे लागणार नाही. आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर यांनी ही सूचना मनावर घेतली. कोलंबो योजनेतून न्यूझीलंडने पैसा दिला. १९५२ मध्ये कोनशिला बसली. १९५६ मध्ये संसदेने कायदा करून अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था, म्हणजे एम्स, स्वायत्त केली. तिचे पहिले संचालक म्हणून डॉ. दीक्षितांची नेमणूक झाली, आणि १९६४ पर्यंत ते त्या पदावर होते.

आज एम्सचे नाव ऐकून ती पहिल्यापासून अशीच असेल असे वाटते. त्या वेळी दिल्लीच्या दक्षिणेला ती एक अर्धवट बांधलेली वसाहत होती. तेथे येणाऱ्या प्राध्यापकांना खासगी प्रॅक्टिस करता येणार नव्हती. पूर्ण वेळ शिकवायचे, रुग्ण पाहायचे आणि संशोधन करायचे, असा नियम होता. मुंबई-कलकत्त्यात नाव कमावलेल्या डॉक्टराला हे मान्य करायला लावणे कठीण होते. म्हणून तरुण, हुशार आणि संशोधनाची ओढ असलेली माणसे गोळा करणे, हाच मार्ग होता.

शरीरक्रियाशास्त्राला सुरुवातीच्या वर्षांतच डॉ. बी. के. आनंद आले. अमेरिकेत ब्रोबेक यांच्याबरोबर त्यांनी १९५१ मध्ये हायपोथॅलॅमसमधले भुकेचे केंद्र शोधले होते. ज्या भागाने हृदयाची लय बिघडते असे दीक्षितांनी १९३४ मध्ये दाखवले, त्याच भागाचा पुढचा अभ्यास आता त्यांच्या संस्थेत होणार होता. आनंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये ध्यानस्थ योग्यांच्या मेंदूतल्या विद्युत लहरीही नोंदवल्या. ध्यानाच्या वेळी मेंदूत काय होते, हा आज जगभर अभ्यासला जाणारा विषय आहे. त्याच्या सुरुवातीच्या नोंदी एम्समधल्या आहेत.

विकृतिशास्त्राला डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आले. हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात घराघरांत गलगंडाचे रुग्ण होते. मातीत आणि पाण्यात आयोडीन कमी असल्याचा तो परिणाम होता. आयोडीन कमी पडले तर गळाच सुजतो असे नाही. गर्भातल्या मुलाच्या मेंदूची वाढ खुंटते आणि मूल मंदबुद्धी होऊ शकते. १९५६ पासून त्या खोऱ्यात काही भागांत आयोडीनयुक्त मीठ दिले गेले आणि उरलेल्या भागाशी तुलना केली गेली. हे काम पुढे अनेक वर्षे चालले. त्याच्या १९७३ च्या अहवालावर देव आणि करमरकर ही दोन आपली आडनावेही आहेत. आज आपल्या स्वयंपाकघरातल्या मिठाच्या पुडीवर ‘आयोडीनयुक्त’ असे छापलेले असते, त्यामागे या कामाचा मोठा आधार आहे.

हे शोध त्या त्या शास्त्रज्ञांचे आहेत, दीक्षितांचे नव्हेत. पण अशा माणसांना काम करता येईल अशी जागा, वेळ आणि मोकळीक देणाऱ्या संस्थेची पहिली आठ वर्षे त्यांच्या हाताखाली गेली. नव्या संस्थेला पहिल्या काही वर्षांत जी वळणे लागतात ती पुढे सहसा सुटत नाहीत. १९६५ मध्ये सरकारने त्यांना पद्मभूषण दिले.

मधल्या काळात त्यांच्या रसायनाचे काय झाले?

ठिणगी की रसायन, हा वाद पुढे रसायनाच्या बाजूने सुटला. ठिणगीवाद्यांचे अग्रणी जॉन एकल्स यांनी १९५० नंतर स्वतःच्याच प्रयोगांवरून आपले मत बदलले. १९६३ मध्ये मेक्सिकोत हेर्नांदेस-पेऑन यांनी मांजरांच्या मेंदूत ठरावीक जागी ॲसिटिलकोलीन ठेवून झोप आणली. दीक्षितांचे तीस वर्षांपूर्वीचे निरीक्षण नव्या साधनांनी पुन्हा समोर आले. झोपेची गोष्ट त्यांना दिसली होती त्याहून गुंतागुंतीची आहे, हेही कळले. स्वप्ने पडतात त्या झोपेत हे रसायन भरपूर असते, आणि जागेपणी लक्ष एकवटतानाही ते लागते.

स्मरणाचा धागा नंतर जुळला. धोतऱ्यातल्या विषाने माणूस भ्रमिष्ट होतो, घडलेले विसरतो, हे आपल्याकडे प्रवाशांना लुटणाऱ्या ठगांनाही माहीत होते. त्या वनस्पतीतले स्कोपोलामिन हे द्रव्य ॲसिटिलकोलीनचे काम अडवते. १९७४ मध्ये अमेरिकेत ड्रॅकमन आणि लेव्हिट यांनी तरुण, निरोगी माणसांना ते दिले, तेव्हा त्यांची स्मरणशक्ती काही वेळ म्हाताऱ्या माणसांसारखी झाली.

मग १९७६ च्या डिसेंबरात ‘लॅन्सेट’मध्ये एक छोटा निबंध आला. अल्झायमरने मेलेल्या रुग्णांच्या मेंदूत ॲसिटिलकोलीन तयार करणारे विकर फार घटलेले असते, असे पीटर डेव्हिस आणि मेलोनी यांनी दाखवले. हे काम झाले होते एडिंबरोत. ज्या शहरात दीक्षितांनी हे रसायन मेंदूत शोधले, त्याच शहरात बेचाळीस वर्षांनी ते रुग्णाच्या मेंदूत कमी पडते हे कळले.

त्यावरून औषधाची दिशा ठरली. जे रसायन कमी पडते ते मोडू द्यायचे नाही. म्हणजे कालाबारच्या बीचीच युक्ती, पण माणसाला सोसेल अशा रूपात. डोनेपेझिलला अमेरिकेत १९९६ मध्ये मान्यता मिळाली. रिवास्टिग्मिनची घडण तर त्या एसेरिनवरूनच सुचलेली आहे.

डॉ. दीक्षित १९७७ मध्ये गेले. त्या गोळ्या बाजारात यायला अजून जवळजवळ वीस वर्षे होती.

हिशेब

हे चरित्र वाचताना आमच्यात मतभेद झाले, तेही सांगतो. काहींचे म्हणणे असे पडले की, एवढ्या तयारीच्या शास्त्रज्ञाला प्राचार्य, सर्जन जनरल, संचालक असे करत प्रयोगशाळेतून बाहेर काढले, हे देशाचे नुकसान झाले. ते आणखी वीस वर्षे मेंदूवरच काम करत राहिले असते, तर आज त्यांचे नाव पाठ्यपुस्तकात असते. आपल्याकडे चांगला शिक्षक दिसला की त्याला मुख्याध्यापक करतात आणि चांगला शास्त्रज्ञ दिसला की त्याला खुर्ची देतात. ही सवय अजून गेलेली नाही.

दुसऱ्यांचे म्हणणे असे की, १९४६ च्या भारतात कॉलेजेच नव्हती, प्रयोगशाळा नव्हत्या. कोणीतरी जाणत्याने त्या उभ्या करायलाच हव्या होत्या. ज्याने स्वतः संशोधन केले आहे, त्यालाच संशोधकाला काय लागते ते कळते. फक्त कारभारी माणूस बसवला असता तर एम्स हे आणखी एक मोठे इस्पितळ झाले असते.

दोन्ही बाजूंत तथ्य आहे. आम्हाला स्वतःला दुसरी बाजू थोडी जड वाटते, पण पहिली खोटी ठरत नाही. दीक्षितांनी काहीतरी सोडले तेव्हाच काहीतरी उभे राहिले, आणि सोडलेल्याचीही किंमत होती. मेंदूच्या रसायनाच्या इतिहासात त्यांचे नाव फार तर तळटिपेत येते. एम्सच्या इतिहासात ते संचालकांच्या यादीत पहिले असते आणि लोक पुढच्या नावाकडे वळतात. अशी माणसे दोन्हीकडे थोडी थोडी विसरली जातात.

२०१२ पासून भोपाळलाही एम्स आहे. इंदूरहून पूर्वी रुग्णाला घेऊन रात्रीच्या गाडीने दिल्ली गाठावी लागे, आता काही कामे भोपाळला होतात. आपल्यातली काही मुले तेथे शिकतही असतील. त्या दाराशी उभे असताना पहिल्या संचालकांचे नाव मुलांना सांगावे, एवढी विनंती आहे.

आणि घरातल्या वडीलधाऱ्यांविषयी दोन शब्द. या गोळ्यांनी आजार बरा होत नाही. काहींना काही काळ फरक पडतो, काहींना पडत नाही. पण विसरभोळेपणाची सगळीच कारणे अल्झायमरची नसतात. थायरॉइड, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, उदासी, इतर औषधांचा परिणाम, यांनीही माणूस विसरतो, आणि त्यांवर इलाज आहेत. म्हणून वयाला दोष देऊन थांबू नये, वेळेवर दाखवावे. सुनेला मुलीच्या नावाने हाक मारणाऱ्या आजींना घरात कोणी हसू नये. त्यांच्या मेंदूत जे कमी पडते आहे ते काय आहे, हे आता आपल्याला ठाऊक आहे. त्याचा माग काढायला ज्यांनी सुरुवात केली, त्यांत आपले एक दीक्षित होते.